घरच्या घरी पटिंगचा सराव : कोणती साधने घ्यावीत आणि कोणती दुकानातच राहू द्यावीत?

जुळेसोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. मी जुळे सोलापूर भागात राहतो. गोल्फ खेळायला मिळते ते कामानिमित्त पुण्याला जाणे होते तेव्हा. एरवी महिनोन्‌महिने ग्रीनचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचे, दर्शनही घडत नाही. त्यामुळे जो काही सराव व्हायचा तो घरातल्या दिवाणखान्यातच. तेथे भिंतीपासून भिंतीपर्यंत साधारण चौदा फूट सलग जागा मिळते आणि खाली जुनी शहाबादी फरशी आहे.

माझी अडचण दुहेरी आहे. चार ते सहा फुटांवरचे पट, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवण्याचे फटके, बहुतेक वेळा होलच्या उजव्या कडेवरून निसटतात (मी उजव्या हाताने खेळतो), आणि तीस फुटांवरून मारलेला चेंडू कधी बराच अलीकडे थांबतो, तर कधी तितकाच पुढे जातो. म्हणून सरावाची साधने घ्यावीत असे ठरवून ऑनलाइन पाहिले, तर मती गुंग झाली. आरसा, लेझर, चेंडू परत पाठवणारी मॅट, मधोमध बिजागरी असलेला पटर (पट मारायची काठी), मनगट जखडणारा पट्टा, मोबाइलला जोडायचा सेन्सर असे नाना प्रकार आहेत, आणि त्यांतल्या काहींची किंमत माझ्या पटरपेक्षाही जास्त आहे.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्या या दोन दोषांसाठी नेमके कोणते साधन उपयोगी पडेल? घरातल्या मॅटवरची सुधारणा खऱ्या ग्रीनवर टिकते का? आणि अशा साधनांची सवय लागून, ती काढून घेतली की माणूस पुन्हा मूळपदावर येतो, असे काहीजण म्हणतात. त्यात तथ्य किती?

सातरस्ता

साधन विकत घेण्याआधी दोष नेमका कोठे आहे ते ठरवावे लागते, कारण चेंडू उजवीकडे जाण्याची दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. एक तर तुम्ही पटरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, मुळातच उजवीकडे रोखून उभे राहत असाल. किंवा रोखता बरोबर, पण चेंडूला लागण्याच्या क्षणी फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहत असेल. पटिंगमध्ये चेंडू कोणत्या दिशेने सुटणार हे पटरच्या मार्गापेक्षा त्या क्षणीच्या फेसच्या कोनावर कितीतरी अधिक अवलंबून असते, म्हणून मार्ग सुधारणाऱ्या महागड्या रुळांच्या व कमानींच्या साधनांकडे मी सध्या पाहणारसुद्धा नाही.

दोन कारणांपैकी आपले कोणते, हे ओळखण्यासाठी सुताराचा गुण्या (काटकोन तपासायचे साधन) पुरेसा आहे. सहा फुटांवर फरशीवर एक नाणे ठेवा, नेहमीप्रमाणे उभे राहून पटर रोखा आणि तो तसाच धरून ठेवा. मग घरातल्या कोणाला तरी गुण्याची एक बाजू पटरच्या फेसला टेकवायला सांगा. दुसरी बाजू ज्या दिशेला जाईल ती तुमची खरी रोखण्याची दिशा. तिच्या पुढे दोरी ताणून पाहिली की ती नाण्यावरून जाते की उजवीकडून, हे लगेच दिसेल. एकाच प्रयत्नावर निष्कर्ष काढू नका. प्रत्येक वेळी बाजूला होऊन, नव्याने उभे राहून, पुन्हा पुन्हा पाहा.

रोखण्यातच चूक निघाली तर आरसा घ्यावा, आणि तोही विकतचा असलाच पाहिजे असे नाही. साधारण एक फूट लांब व सहा इंच रुंद आरसा काचवाल्याकडून कापून आणावा, कडा घासून घ्याव्यात आणि पक्क्या शाईच्या पेनाने त्यावर एक सरळ उभी रेघ व तिला काटकोनात एक आडवी रेघ मारावी. उभ्या रेघेवर चेंडू ठेवून पाहिले की डोळे रेघेच्या नेमके वर आहेत, आत (आपल्या पायांकडे) आहेत की बाहेर गेले आहेत ते कळते, आणि खांद्यांचे प्रतिबिंब रेघेशी समांतर आहे का तेही दिसते. डोळे चेंडूच्या अगदी वरच हवेत असा काहींचा आग्रह असतो, पण ते किंचित आत ठेवून खेळणारे उत्तम खेळाडूही आहेत. महत्त्व आहे ते रोज एकाच जागी असण्याला. काचेवरून चेंडू मारू मात्र नका. स्थिती तपासा, आरसा सरकवा आणि मग मारा.

रोखणे बरोबर असूनही चेंडू उजवीकडे जात असेल, तर दरवाजाचा, म्हणजे दोन वस्तूंमधल्या फटीतून चेंडू मारण्याचा, सराव करा. त्यामागचे गणित येथे मुद्दाम देतो, कारण दरवाजा किती रुंद ठेवायचा हे कोणी सहसा सांगत नाही. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, आणि चेंडूचा किमान व्यास ४२.६७ मिलिमीटर असतो. दहा फुटांवरून चेंडू एक अंशाने जरी भरकटला तरी होलपाशी तो मध्यापासून सुमारे ५३ मिलिमीटर दूर गेलेला असतो, म्हणजे जवळजवळ होलच्या कडेवर. पाच फुटांवरून हीच सूट दोन अंशांची होते. आता चेंडूच्या पुढे बरोबर ५० सेंटिमीटरवर दोन पेन्सिल सेल उभे करा. त्यांच्यामध्ये ७८ मिलिमीटरचे अंतर ठेवले, तर त्यातून न धक्का लागता गेलेला चेंडू दोन अंशांच्या आत सुटला असे समजावे. ६० मिलिमीटर ठेवले, तर एका अंशाच्या आत. पहिल्या दरवाजातून सहज जाऊ लागलात की दुसऱ्याकडे वळा. सेल उजवा पडला की डावा, यावरून चूक कोणत्या बाजूची तेही जागेवर कळते. लेझर याहून अधिक काही सांगत नाही.

होटगीरोड

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे ज्या पृष्ठभागावर सराव होणार आहे तो सपाट आहे. सोलापुरातल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी मी पुष्कळ पाहिली आहे. पाणी मोरीकडे वाहून जावे म्हणून गवंड्याने तिला मुद्दाम ढाळ दिलेला असतो, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने प्रत्येक लादी मध्ये थोडी खोलगट व सांध्यापाशी उंच झालेली असते. पातळ मॅट अंथरली तर खालचा प्रत्येक सांधा वर चेंडूला जाणवतो. अशा ठिकाणी उजवीकडे जाणारा चेंडू तुमच्या पटरचा दोष दाखवतो की गवंड्याचा, हे आधी तपासायला नको का?

त्यासाठी पाणसळ लावून पाहता येईल, परंतु ती जेथे ठेवली तेवढ्याच जागेचे सांगते. मी त्याऐवजी एक घसरण तयार करायला सुचवीन. हार्डवेअरच्या दुकानात अॅल्युमिनियमची काटकोनी पट्टी मिळते. तिचा तीन फुटांचा तुकडा घ्या, वरच्या टोकाजवळ एक खूण करा, ते टोक एखाद्या ठरावीक जाडीच्या पुस्तकावर टेकवा आणि नेहमी त्याच खुणेवरून चेंडू सोडा. पट्टीच्या कोनातून घरंगळणाऱ्या चेंडूला हात, मनगट, घाई, भीती यांपैकी काहीच नसते, त्यामुळे तो जेथे वळेल तेथे दोष मॅटचा किंवा फरशीचाच असतो. एका बाजूने सोडा, मग दुसऱ्या टोकाकडून सोडा. दोन्ही वेळा सरळ गेला तर फरशीचा तेवढा भाग सरावासाठी राखून ठेवा. आमच्याकडे भिंतीला लागून असलेला भाग वाकडा निघाला आणि खोलीच्या मध्यावरचा, थोडा तिरपा, चांगला निघाला. दिवाणखान्यातले फर्निचर तेव्हापासून त्या रेषेच्या हिशेबाने मांडले जाते, यावर घरातली मते वेगळी आहेत.

ही कल्पना काही माझी नव्हे. ग्रीनचा वेग मोजण्याचे स्टिंपमीटर हे उपकरण याच तत्त्वावर चालते. एडवर्ड स्टिंपसन या अमेरिकन हौशी गोल्फरने ते १९३५ मध्ये बनवले आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, त्यात सुधारणा करून १९७८ पासून ते ग्रीनची देखभाल करणाऱ्यांना देण्यास सुरुवात केली. ३६ इंचांच्या त्या पट्टीच्या खाचेत चेंडू ठेवून ती हळूहळू उचलतात. सुमारे २० अंशांच्या कोनाला चेंडू आपोआप सुटतो आणि सपाट ग्रीनवर तो जितके फूट जातो तितका त्या ग्रीनचा वेग मानतात. चढ-उताराचा परिणाम निघून जावा म्हणून दोन विरुद्ध दिशांनी मोजून सरासरी काढतात. तुमची घरगुती घसरण अधिकृत आकडा देणार नाही, परंतु दोन मॅटांची तुलना तिने नक्की करता येते, आणि पुण्याच्या सराव-ग्रीनवर फेरीच्या आधी ती वापरून पाहिली तर घरची मॅट त्या ग्रीनपेक्षा किती जलद किंवा संथ आहे तेही कळते. लांबच्या पटांतला तुमचा गोंधळ निम्मा याच फरकातून आला असावा, असा माझा अंदाज आहे.

मॅट घ्यायचीच असेल तर जाड, रबरी पाठीची घ्या, आणि कृपा करून ती गच्चीवर ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रबर कडक होते, कडा वर उचलल्या जातात आणि मग ती पुन्हा कधीच सपाट बसत नाही. गुंडाळतानाही तंतूंची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावी, म्हणजे अंथरल्यावर टोके खाली दबलेली राहतात.

पाचफुटी

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

साधनांची सवय लागते हे खरे आहे आणि त्यामागे अभ्यासही आहे. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्ये शारीरिक कौशल्यांच्या शिक्षणावरील तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन असे मांडले, की प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ कळत राहिले तर सरावाच्या वेळी कामगिरी झपाट्याने सुधारते, परंतु ती माहिती काढून घेतल्यावर टिकत नाही, कारण शिकणारा स्वतःच्या हाताच्या जाणिवेकडे लक्ष देण्याऐवजी त्या बाहेरच्या सांगण्यावरच विसंबू लागतो. याचा पटिंगपुरता अर्थ असा, की दरवाजा, आरसा, लेझर ही सर्व साधने सरावात सतत मांडून ठेवण्याची नाहीत. थोडे चेंडू दरवाजातून मारा, मग दरवाजा उचला आणि तेवढेच चेंडू त्याच्याशिवाय मारा. चेंडू कोणत्या बाजूला सुटला असावा याचा अंदाज नजर वर उचलण्याआधीच मनात ठरवा आणि मग पाहा. अंदाज बरोबर येऊ लागला की साधनाचे काम संपत आले म्हणायचे.

याच कारणासाठी मनगट जखडणारे पट्टे आणि पटरला ठरावीक मार्गातच फिरवणारे रूळ मला मुळीच पसंत नाहीत. दरवाजा तुम्हाला चूक करू देतो आणि मग सांगतो. रूळ चूक होऊच देत नाही, म्हणून शिकवतही नाही. बिजागरीचा पटर त्या मानाने बरा, कारण हिसका दिला की तो मधून मोडतो व ताबडतोब हिशेब चुकता करतो. पण तो ठोक्याच्या गुळगुळीतपणाबद्दल सांगतो, फेसच्या कोनाबद्दल फारसे नाही, आणि प्रश्नकर्त्याची तक्रार फेसची दिसते.

चेंडू परत पाठवणाऱ्या मॅटबद्दल एक सावधगिरी. एकाच जागेवरून, एकाच अंतरावर, पायांची जागाही न बदलता चेंडूमागून चेंडू मारत राहण्याचा मोह ती घालते. ग्रीनवर तोच पट दुसऱ्यांदा कधी मिळतो का? १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांच्या प्रयोगात असे दिसले होते, की एकच कृती ओळीने घोटणाऱ्यांची सरावातली कामगिरी चांगली दिसते, पण कृती आलटून-पालटून करणारे नंतरच्या चाचणीत पुढे असतात. म्हणून चेंडू आपोआप परत येत असला तरी प्रत्येक वेळी अंतर बदला आणि नव्याने उभे राहा. खरे तर चेंडू स्वतः चालत जाऊन उचलून आणणे हीच उत्तम सोय आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुण्याची चाचणी लगेच करून पाहिली. मुलाने गुण्या धरला आणि सौभाग्यवतींनी दोरी ताणली. बहुतेक प्रयत्नांत दोरी नाण्याच्या उजवीकडूनच गेली, तीही दोन-तीन बोटांच्या अंतराने, म्हणजे ठोका मारण्याआधीच चेंडूची वाट चुकलेली असते. मधली एक गंमत अशी, की चेंडूवर छापलेली रेघ नाण्याकडे लावून मग पटर त्या रेघेला जुळवला, तेव्हा दोरी नाण्याच्या बरीच जवळ आली. पण तसे उभे राहिल्यावर मला मात्र आपण डावीकडे रोखतो आहोत असे वाटत राहते. या जाणिवेचे काय करावे?

दुसरे, लांबच्या पटांचा सराव चौदा फुटांत कसा करायचा? आणि रेघ काढलेला चेंडू किंवा अशी साधने स्पर्धेच्या फेरीत चालतात का?

सातरस्ता

डावीकडे रोखल्यासारखे वाटणे ही चांगली खूण आहे. इतके दिवस नजरेने उजवीकडची दिशा सरळ म्हणून स्वीकारली होती, त्यामुळे आता सरळ दिशा तिला डावी भासते. रेघेचा चेंडू आणि आरसा दोन्ही काही काळ रोज वापरा, पण उभे राहिल्यावर होलकडे पाहताना डोके वर उचलू नका, फक्त मानेवर फिरवा, जणू डोळ्यांची रेघ जमिनीवरच्या रेघेवरून सरकते आहे. डोके उचलून पाहणाऱ्याची दिशा प्रत्येक नजरेबरोबर बदलते. तसेच डोळे बाहेर गेलेले असतील तर आधी ते आत आणा; दिशेची जाणीव त्यामुळेही बिघडते.

अक्कलकोटनाका

लांबच्या पटांबद्दल मी लिहितो, कारण माझी खोली तर तुमच्याहून लहान आहे.

तीस फुटांचा पट चौदा फुटांत मारता येणार नाही, परंतु त्यासाठी लागणारी दोन कौशल्ये, म्हणजे ठरलेला वेग चेंडूला देता येणे आणि ठोक्याची लय कायम राखणे, ही लहान जागेतही घोटता येतात. वेगासाठी आपल्याच गावचा टेरी टॉवेल घ्या. त्याची घट्ट चौकोनी घडी करून मॅटच्या टोकाला ठेवू नका. एकेरी पसरून ठेवा, म्हणजे त्याच्या उभ्या फाशांत शिरलेला चेंडू ताबडतोब मंदावतो आणि थांबतो. टॉवेलची पुढची कड आठ फुटांवर ठेवून चेंडू कडेपासून वीतभर आत थांबवायचा प्रयत्न करा. मग तोच टॉवेल सहा फुटांवर, बारा फुटांवर, पुन्हा सातवर न्या. चेंडू कड ओलांडूनही गेला नाही तर कमी पडला, पलीकडून बाहेर आला तर जोर जास्त झाला. होलच्या चित्राचे वर्तुळ हे सांगू शकत नाही, कारण त्याच्यावरून चेंडू कितीही वेगाने गेला तरी आपण तो ‘पडला’ असे मानून मोकळे होतो. नासामधले संशोधनाचे काम सोडून पटिंगच्या अभ्यासाकडे वळलेले डेव्ह पेल्झ यांनी, होल नसते तर चेंडू सुमारे १७ इंच पुढे जाऊन थांबला असता इतका वेग योग्य मानला होता. आपल्या ग्रीनवर तो आकडा थोडा बदलेल, पण मृतप्राय चेंडू आणि सुसाट चेंडू यांच्यामध्ये कोठे तरी एक वेग ठरवावा लागतो, हे त्यातून घ्यावे. चेंडू जितका वेगवान, तितका होल त्याच्यासाठी अरुंद होतो, म्हणून चार फुटांच्या पटावरही हा सराव लागू पडतो.

लयीसाठी मोबाइलवरचे मोफत मेट्रोनोम (सारख्या अंतराने टिकटिक करणारे अॅप) पुरते. व्यावसायिक खेळाडूंच्या मोजमापांत पटर मागे नेण्याला लागणारा वेळ आणि तेथून चेंडूपर्यंत येण्याला लागणारा वेळ यांचे प्रमाण साधारण २:१ आढळते, आणि पट लांब असो वा जवळचा, हा काळ फारसा बदलत नाही. बदलते ती झुल्याची लांबी. मेट्रोनोमच्या दोन टिकटिकींत मागे, तिसरीला चेंडू. लांब पटासाठी त्याच काळात पटर अधिक मागे न्यायचा, मनगटाने धक्का द्यायचा नाही. पुण्याला गेल्यावर फेरीच्या आधी पंधरा मिनिटे काढता आली, तर ती सर्व वीस-तीस-चाळीस फुटांवरच्या चेंडूंना द्या. जवळच्या पटांचा सराव घरी झालेलाच असतो.

आणखी एक छोटे साधन सुचवतो, त्याची किंमत बरोबर एक रुपया आहे. चेंडूच्या खाली रुपयाचे नाणे ठेवा आणि चेंडू गेल्यावरही ते नाणे नीट दिसेपर्यंत नजर हलवू नका. कॅल्गरी विद्यापीठातील जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग करणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास केला, तेव्हा कुशल खेळाडूंची नजर ठोक्याच्या आधी चेंडूवर अधिक वेळ स्थिर राहते व ठोक्यानंतरही क्षणभर तेथेच असते, असे आढळले. चेंडू गेला की नाही ते पाहण्याची घाई खांदे उघडते, आणि खांदे उघडले की फेसही.

होटगीरोड

नियमांबद्दल थोडक्यात. चेंडूवर रेघ असणे आणि ग्रीनवर खूण करून चेंडू परत ठेवताना ती रेघ होलकडे लावणे चालते. मात्र गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे फेरी चालू असताना दिशा दाखवणारी काठी किंवा इतर सराव-साधने वापरता येत नाहीत, पाणसळीसारख्या साधनाने उतार मोजणेही चालत नाही; पहिल्या उल्लंघनाला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड असतो आणि दुसऱ्यांदा घडले तर खेळाडू बाद ठरतो. साधन पिशवीत पडून असले तर त्याबद्दल दंड नाही, ते वापरल्याबद्दल आहे. तरीही मी पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) जाण्याआधी गुण्या आणि अॅल्युमिनियमची पट्टी गाडीतच ठेवून देतो, कारण ती कशासाठी आहे हे बरोबरच्या खेळाडूंना समजावून सांगण्यात पहिले दोन होल जातात.